इंदूरच्या दोन चुली आणि एक अख्खी कोंबडी

मराठी माणूस कोंबडी खातो ती तुकड्यांची. कोल्हापूरचा तांबडा रस्सा असो, मालवणी वाटणातले सुके असो, नाहीतर आमच्या गोव्यातली शागुती असो, पक्षी पानावर येईपर्यंत त्याचे बारा-चौदा तुकडे झालेले असतात. वरून वाटण बसलेले असते. हा एक पक्षी होता, याची आठवण करून देणारी एखादी नळी तेवढी उरते. अख्खा पक्षी भाजून पानावर आणायचा हा प्रकार आपल्या लेखी ढाब्यावरच्या तंदूरवाल्याचा, नाहीतर साहेबाचा. घरात तसे सहसा कोणी करत नाही. माझे म्हणणे असे की घरात करावे, चार माणसे जेवायला बोलावून करावे, आणि शक्यतो लहान पक्षी घेऊन करावे. का, ते सांगतो. सांगताना उदाहरण मात्र इंदूरचे देणार आहे. गोवेकराने कोंबडी भाजायला शिकावी ती इंदुरात, याचे कोणाला हसू आले तर माझी हरकत नाही. मलाही आले होते.

इंदूर म्हटले की आपल्याला काय आठवते? सकाळचे पोहे-जिलबी, रात्री सराफ्यात रबडी, गराडू नि भुट्ट्याचा कीस, छप्पन दुकानची गर्दी, रविवारी दाल-बाफले. शाकाहाराची एवढी मोठी जत्रा भारतात दुसरीकडे क्वचितच असेल. त्यामुळे इंदूरकर म्हणजे शाकाहारी असे बाहेरचे लोक धरून चालतात, आणि हळूहळू इंदूरकरही तसे धरून चालायला लागले आहेत. पण मंडळी, हे शहर वाढले ते होळकरांच्या राज्यात. १८१८ साली मंदसौरचा तह झाल्यावर राजधानी महेश्वरहून इंदुरास आली. होळकर हे धनगर. त्यांच्या पदरी मराठे होते, धनगर होते, कायस्थ प्रभू होते, ब्राह्मणही होते. शेजारी महूला इंग्रजांची छावणी बसली. एवढी सगळी माणसे दोनशे वर्षे फक्त शेव-पोह्यांवर जगली असे समजणे म्हणजे इतिहासाला उपास घडवणे झाले!

माझी एक आतेबहीण, माझ्याहून बरीच मोठी, लग्न होऊन इंदुरास गेली ती तिथलीच झाली. मी तिला ताई म्हणतो. सासर मराठ्यांचे, घर रामबागेत, जुने, मागे अंगण असलेले. त्या घरात दोन चुली होत्या. एक आत, स्वयंपाकघरात. दुसरी मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली. आतल्या चुलीवर रोजचे जेवण, देवाचा नैवेद्य, एकादशीची खिचडी. बाहेरच्या चुलीवर मटण नि कोंबडी. ताईच्या सासूबाई माळकरी. तोंडात मांसाचा कण घेतला नाही. पण सासरे जेवायला बसले की बाहेरच्या चुलीवरचा रस्सा त्यांना त्याच वाढत. चव न घेता रांधलेल्या त्या रश्शाला कधी मीठ कमी पडले नाही असे ताई सांगते. हे मला फार मोठे वाटते. खाणारा नि न खाणारी एका घरात पन्नास वर्षे नांदली. कोणी कोणाला बाटवले नाही आणि कोणी कोणापासून लपवले नाही.

दोन चुलींची ही रीत काही इंदूरची एकट्याची नव्हे. आमच्या घरी गोव्यात मासळी रोजची, तिला कोणी मांसाहारात धरीतच नसे. कोंबडी मात्र आजीच्या काळात स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू शकत नव्हती. तिच्यासाठी मागल्या दारी तीन दगड. होळकरांचे कुलदैवत जो जेजुरीचा खंडोबा, त्याच्याकडेही व्यवस्था अशीच आहे. देवाला नैवेद्य पुरणपोळीचा, चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत नि रोडगा. बकऱ्याचा मान देवाला नाही, तो मणी दैत्याला. दोन्ही नैवेद्य उघड, दोन्ही आपापल्या जागी. म्हणजे वेगळी चूल ही लाजेपोटी आली असे समजण्याचे कारण नाही. ती एकमेकांची अदब राखण्यासाठी होती.

पुढे अंगणाचे घर गेले आणि ताई फ्लॅटमध्ये आली. बाहेरची चूल कुठे ठेवणार? मग तिने माळव्यातल्या घरोघरी असतो तो गॅसवर ठेवायचा तंदूर, ज्यात बाफले नि बाट्या भाजतात, तो एकाऐवजी दोन घेतले. एकाच्या मुठीला लाल दोरा बांधला. लाल दोऱ्याचा तंदूर कोंबडीचा. झाली दुसरी चूल! त्या तंदुरात मोठा पक्षी मावतच नाही. सात-आठशे ग्रॅमचा लहानसाच मावतो. ताईच्या घरची लहान पक्ष्याची आवड इथून सुरू झाली.

पण फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली, जी अंगणात नव्हती. कोंबडी भाजायची तर खिडक्या बंद. एक्झॉस्ट पंखा बंद. हाडे वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत. आणि ताईचा नातू, वय वर्षे नऊ, शाळेत कोणी विचारले की 'कल क्या खाया?', तर तो सांगतो, 'दाल-बाफले'. त्याला हे खोटे बोलायला कोणी शिकवले नाही. त्याने आपले आपण ठरवले की घरात जे आवडीने खातो ते बाहेर सांगायचे नसते. ताईच्या मुलाने हा फ्लॅट घेण्याआधी भाड्याने घर शोधले, तेव्हा घर दाखवणाऱ्यांचा पहिला प्रश्न भाडे किती देणार हा नसे, नॉनव्हेज खाता का हा असे. हे इंदुरातच होते असे नाही, मुंबई-पुण्यातही होते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात नवे मुख्यमंत्री आल्याबरोबर उघड्यावर मांस-अंडी विकण्यावर बंदीचा हुकूम निघाला. दुकाने स्वच्छ नि झाकलेली असावीत याबद्दल माझे काहीच दुमत नाही. धूळ बसलेले मटण मलाही नको. माझा मुद्दा दुकानाचा नाही, घराचा आहे. दुकानातले मांस झाकून ठेवावे, पण घरातल्या जेवणाची लाज कशाला बाळगावी?

आणि इथे मला तो अख्खा पक्षी महत्त्वाचा वाटतो. रस्सा झाकता येतो. खिमा तर कशातही लपतो. भाजलेला पक्षी लपत नाही. तो पाय वर करून थाळीत बसलेला असतो, आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला दिसते की आपण एक जीव खाणार आहोत. पुष्कळांचा आक्षेप नेमका हाच असतो. 'छे बाई, ते अख्खे बघवत नाही!' ज्याला बघवत नाही त्याने खाऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. तसे पाहून शाकाहारी झालेल्या माणसाला माझा नमस्कार. पण खायचे तर आहे, फक्त बघायचे नाही, हे काही मला पटत नाही. ज्या ताटात जीव स्पष्ट दिसतो त्या ताटात माणूस टाकून देत नाही असा माझा अनुभव आहे. बुफेच्या टेबलाजवळच्या टोपलीत अर्धवट खाल्लेल्या तुकड्यांचे ढीग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ताईकडे मात्र एका लहान पक्ष्यात चौघे जेवतात. हाडे उरतात तीही दुसऱ्या दिवशी सुपात जातात.

आता कोणी म्हणेल, हा 'रोस्ट' म्हणजे सायबाचे खूळ. तसे मुळीच नाही. शूलावर, म्हणजे सळईवर, भाजलेल्या मांसाला संस्कृतात शूल्य असा जुना शब्द आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला, त्यातल्या अन्नभोगाच्या भागात निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या रीती सांगितल्या आहेत. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. अलीकडचे पाहायचे तर खुद्द होळकरांच्या घरातले पुस्तक आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पुत्र शिवाजीराव आणि शालिनीदेवी यांनी मिळून 'कुकिंग ऑफ द महाराजाज्' हे पुस्तक लिहिले, ते १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. रतलामजवळच्या सैलाना या चिमुकल्या संस्थानचे दिग्विजयसिंह यांचे 'कुकिंग डिलाइट्स ऑफ द महाराजाज्' हे १९८२चे. सैलानाचे राजे स्वतः चुलीपुढे उभे राहून रांधत, ही त्या घराण्याची ख्याती. शाकाहारी म्हणवणाऱ्या या माळव्यातून देशातली दोन नावाजलेली राजघराण्यांची पाकपुस्तके निघाली, आणि ती काही फक्त दाल-बाफल्यांची नव्हेत.

त्या दरबारी जमान्याबद्दल मला हळहळ मात्र वाटत नाही. लहान पक्षी म्हणजे त्या काळी शिकारीचा पक्षी. तितर, लावा, आणि माळव्याच्या गवताळ रानातला खरमोर. पावसाळ्यात मादीला भुलवायला गवतातून उंच उड्या मारणारा हा नर, त्या उड्यांमुळेच शिकाऱ्याला दिसायचा आणि मरायचा. शिकार आणि नाहीशी होत गेलेली गवताळ राने या दोन्हींनी मिळून त्याची अशी दशा केली की १९८३ साली सैलानाला आणि धार जिल्ह्यात सरदारपूरला त्याच्यासाठी अभयारण्ये करावी लागली. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला तितर नि लावा मारणे गुन्हा ठरले, ते योग्यच झाले. जुन्या वाड्यातल्या शिकारकथा ऐकून 'तितराची चव काही औरच' म्हणणारे काका आपल्याला भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावे. आज घरच्या थाळीतला लहान पक्षी पाळीवच असला पाहिजे.

आणि तसा एक पक्षी इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर आहे. झाबुआचा कडकनाथ. पिसे काळी, कातडी काळी, मांस काळे, हाडेसुद्धा काळी. मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याच्या अंगभर असते म्हणून. तिकडे त्याला काली मासी म्हणतात. झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल नि भिलाला कुटुंबांनी तो पिढ्यान्पिढ्या अंगणात सांभाळला. ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ साली अर्ज केला आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही आपला हक्क सांगून पाहिला होता. एका कोंबडीवरून दोन राज्ये भांडली म्हणजे कोंबडीचे भाग्यच उजळले म्हणायचे.

मानांकन झाले ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर कडकनाथचे औषध झाले, ते मला आवडत नाही. याने हा रोग जातो, त्याने ती ताकद येते, असल्या जाहिराती वाचून माणसे चौपट पैसे मोजतात नि ती कोंबडी काढ्यासारखी नाक मुरडून खातात. आपल्याकडे तर २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. खरी गोष्ट साधी आहे. हा सावकाश वाढणारा, अंगात चरबी कमी असलेला, चवीला दाट पक्षी आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. कडकनाथला एक-सव्वा किलो व्हायला पाच-एक महिने लागतात. तेवढे महिने कोणीतरी त्याला दाणे टाकलेले असतात, मुंगसापासून राखलेले असते. बहुधा त्या घरातल्या बाईने. आणि बाजारात भाव आला की ती स्वतः तो खात नाही, विकते, कारण त्या पैशात मुलाची वह्या-पुस्तके येतात. म्हणून मला वाटते, कडकनाथ घ्यावा तर वर्षातून दोनदा घ्यावा, ठाऊक असलेल्या पाळणाऱ्याकडून घ्यावा, भाव न करता घ्यावा आणि औषध म्हणून नव्हे, पाहुण्याच्या मानाचे जेवण म्हणून घ्यावा. एरवी साधी लहान कोंबडी पुष्कळ झाली.

आता प्रत्यक्ष भाजण्याकडे येतो. मी ताईच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायच्या कामावर होतो. 'तू बघून राहिलास की काम करून राहिलास?' असे ती मधून मधून इंदुरी मराठीत विचारायची. तीस वर्षांत तिची भाषा पार बदलली, कोंबडीचा हात मात्र गोव्याचा राहिला.

पहिली अडचण कातडीची. आपल्याकडचा चिकनवाला न विचारता कातडी सोलून देतो. रश्शाला ते ठीक. भाजायला मात्र कातडी हवीच. तिच्याखालची चरबी वितळून मांसाला आतून भिजवते आणि कातडी स्वतः आगीचा मार खाते. तेव्हा 'तंदुरी साईझ, चमडी के साथ' असे आधी सांगून ठेवावे, घरी आणल्यावर उरलेली लव गॅसच्या जाळावर धरून जाळावी आणि पक्षी फडक्याने कोरडा टिपावा. कातडी मिळालीच नाही तर गोव्यात आम्ही केळीच्या पानात गुंडाळतो, ताई पळसाची पाने वापरते. झाबुआकडे मक्याचे पानिये पानांतच घालून गोवऱ्यांवर भाजतात, त्यातलीच ही युक्ती.

आदल्या रात्री मीठ. किलोला दोन सपाट चहाचे चमचे, आतून बाहेरून चोळून, झाकून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात. रात्रभरात मीठ आत उतरते आणि भाजताना मांसातले पाणी धरून ठेवते. लिंबू मात्र रात्री लावू नये, त्याने मांस वरून शिजल्यासारखे पांढरट नि चिवट होते. लिंबू शेवटी.

मग हिरवा मसाला. इथे माझे ताईशी शंभर टक्के जमते. हल्ली शहरात वाळक्या रोझमेरीच्या नि थाइमच्या बाटल्या मिळतात आणि पाश्चात्त्य कार्यक्रम पाहून माणसे त्या कोंबडीवर रिकाम्या करतात. त्या वनस्पतींशी माझे भांडण नाही. त्यांच्या मुलखात, ताज्या असताना, त्या उत्तमच असतील. पण दोन वर्षे बाटलीत पडलेली पाने म्हणजे भुसा. आपल्या बाजारात रोज सकाळी ओल्या जुड्या येतात, त्या सोडून बाटलीकडे का जायचे? कोथिंबीर, तीही देठांसकट, कारण सगळा वास देठात असतो. पुदिन्याची थोडी पाने. कुंडीतल्या ओव्याची चार-पाच पाने, जास्त नाहीत, ती फार दांडगी असतात. आणि माळव्याच्या थंडीत मिळते ती हिरवी लसणाची पात, भरपूर. त्यात मिरी, हिरवी मिरची, आले नि तूप. गोवेकर वाचकांच्या लक्षात आले असेल, ही आपल्या काफ्रियालची मावसबहीण. काफ्रियालही मूळ आपले नव्हेच, पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून आले आणि गोव्याच्या कोथिंबिरीत नाहून आपले झाले. उद्या इंदूरची लसणाची पात त्याला आपलेसे करील. पदार्थ असेच घरजावई होतात.

हा मसाला कातडीवर थापायचा नाही. कातडी नि छातीचे मांस यांच्यामध्ये बोट घालून जागा करायची आणि तिथे भरायचा, उरलेला पोटात. बाहेर नुसते तूप. पाला उघड्या आगीवर जळतो आणि जळलेली कोथिंबीर कडू लागते. कातडीखाली तो वाफेवर शिजतो नि सगळी चव मांसाला देतो. पाय दोऱ्याने बांधावेत. तंदूर दहा-पंधरा मिनिटे तापवून घ्यावा, खाली रस गळायला थाळी ठेवावी, वर जाळीवर पक्षी. मध्यम आंचेवर पाऊणशे तोळ्यांचा... म्हणजे साधारण पाऊण किलोचा पक्षी, पाऊण तासात होतो. मध्ये एकदा फिरवावा. कडकनाथ असेल तर तूप अधिक आणि आंच कमी, नाहीतर चरबीवाचून तो सुकून खुळखुळा होतो. आणि तो कोवळाच घ्यावा. जून कडकनाथाने रश्शातच जावे.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये, कडकनाथाच्या बाबतीत तर रंगाचा काही उपयोगच नाही. मांडीच्या जाड भागात सुरी टोचली की रस स्वच्छ यावा, गुलाबी नाही. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस. २०२०च्या डिसेंबरअखेर इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लूची बातमी देशभर गेली, तेव्हापासून ताई थर्मामीटरशिवाय कोंबडी उतरवत नाही. उतरवल्यावर दहा मिनिटे हात लावायचा नाही. तेवढ्यात रस परत मांसात मुरतो. त्या दहा मिनिटांत खालच्या थाळीतल्या रसावर गराडूच्या फोडी तळसून घ्यायच्या, वर जिरावन भुरभुरायचे, लिंबू पिळायचे. साहेबाच्या भाजक्या बटाट्यांची मला तरी आठवण झाली नाही.

जेवायला कोणाला बोलवावे? ज्यांना आधी विचारले आहे त्यांना. उघडपणाचा अर्थ दुसऱ्याच्या नाकाखाली ताट सरकवणे असा मी करत नाही. ताईच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जैन कुटुंब आहे. पर्युषणात ताई लाल दोऱ्याचा तंदूर काढतही नाही. तिला कोणी तसे सांगितलेले नाही. एरवी भाजायच्या दिवशी तिने स्वतः जाऊन त्या काकूंना सांगितले, 'आज आमच्याकडे कोंबडी आहे, वास आला तर तुमचे दार लावून घ्या, मी आमच्या खिडक्या उघडणार आहे.' काकू हसल्या. म्हणाल्या, 'हमें तो पहले से पता था.' म्हणजे इतकी वर्षे पंखा बंद करून गुदमरले ते कोण? त्यांना वास येतच होता, फक्त आता तो चोरटा राहिला नाही. दार त्यांनी लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे विरजण मागायला आल्या. शेजार मोडला नाही. शाकाहारी पाहुणा त्याच पंगतीला असेल तर त्याचे भांडे वेगळे, वाढणारा हात वेगळा, आणि त्याच्यासाठी बाफले आधी. ही दुसरी चूल मला हवीच आहे. नको आहे ती काळी पिशवी.

नातवापुढे थाळी येते तेव्हा ताई त्याला पक्षी कापायला बसवते. सांध्यात सुरी कुठे घालायची, पंख कसा सुटतो, ती दाखवते. त्याने पहिल्यांदा तोंड वाकडे केले, मग लक्ष देऊन पाहिले, मग विचारले, 'आजी, ही कुठून आली?' रश्शाच्या वाटीकडे पाहून त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ताईने त्याला गावाचे नाव सांगितले, पाळणाऱ्या बाईचे सांगितले, किती महिने लागतात ते सांगितले. मुलाला आपल्या जेवणाबद्दल एवढे ठाऊक असले म्हणजे त्याला कोणापुढे खोटे बोलावे लागत नाही, आणि कोणाला हिणवावेही लागत नाही. सोमवारी शाळेत त्याने काय सांगितले ते मी विचारले नाही. ते त्याचे त्याने ठरवावे. घराने आपल्या बाजूने खिडकी उघडली, एवढे पुरे आहे.